तोटीतून भरलेली किटली

लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं, की मला पनवेलच्या कॉलेजातली परीक्षा आठवते. सिरॅमिक्सचं शेवटचं वर्ष होतं आणि मातीची किटली पास झाली तरच मी पास होणार होतो. चकाकी यावी म्हणून मी ग्लेझ हौसेने सगळीकडे फासलं, झाकण टेकतं त्या कडेलासुद्धा. ती कड पुसून घ्यायची, नाहीतर ग्लेझ भट्टीत वितळून झाकण चिकटतं, हे मॅडमनी वर्षभर घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. भट्टीतून किटली निघाली ती निळीशार, देखणी आणि झाकण कायमचं चिकटलेली. "कंटेनरसारखं सील मारलंयस की! जासईच्या कंटेनर यार्डात पाठवतोस का?" वर्गातली मैत्रीण म्हणाली. बाहेरून आलेले परीक्षक झाकणाशी बराच वेळ झटले. "यात चहा भरायचा कुठून?" "तोटीतून, सर," मी ठोकून दिलं. "आणि ओतायचा?" "तोटीतूनच." ते हसले नाहीत. त्यांनी कँटीनमधून चहा मागवला आणि म्हणाले, "भर." मी तोटीच्या तोंडावर धार धरली, निम्मा चहा आत गेला, निम्मा टेबलावर. मग त्यांनी स्वतः किटली कलती केली. कपात नीट धार पडली, खाली एक थेंब ओघळला नाही. "तोटी झकास जमलीय," म्हणत त्यांनी मला काठावर पास केलं. किटली आज आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे रंगाचं कौतुक करतात, मीही ऐकून घेतो. आत परीक्षेतला उरलेला चहा वाळलाय, हे सांगत नाही.