अध्यक्ष बसेपर्यंत

लातूरमध्ये एखाद्या संस्थेच्या अध्यक्षांना त्यांच्याच खुर्चीपुढे पाऊण तास उभं ठेवणं त्यांच्या विरोधकांनाही जमलं नसतं. आमच्या घरच्यांनी ते ढोलकी आणि झांजांवर करून दाखवलं.

सुरुवात अप्पांपासून करायला हवी. अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना चाकूरहून लातूरला आणलं. चाकूरला त्यांचं आडतीचं दुकान होतं, देवळात सोमवारचं भजन होतं आणि भांडायला हक्काची माणसं होती. इथे दाराजवळची एक खुर्ची होती. दिवसभर ते तिच्यात बसायचे. जेवलात का विचारलं की ‘हाव’ म्हणायचे. जेवले नसले तरी ‘हाव’च.

माझी मुलगी ऋतुजा ज्या महाविद्यालयात शिकते तिथे एक वाद्यवृंद निघाला. विद्यार्थी आणि परिसरातले नागरिक, सगळ्यांना खुला. (किती खुला, हे आमचं वादन ऐकल्याबरोबर कळतं.) ती व्हायोलिन शिकायला जायची, एके दिवशी आजोबांनाही सोबत घेऊन गेली. अप्पा परत आले ते तणतणत. त्या तबल्याच्या पोराला हातच न्हाई, बासरीच्या बाई दम कुठं घ्यायचा तिथं घेत न्हाईत, अन् सरांना तर लयीतलं काही म्हणता काही कळत न्हाई. जेवण संपेपर्यंत ते बोलत होते. आई गेल्यापासून इतकी वाक्यं सलग आम्ही ऐकली नव्हती. बायकोने त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्याच आठवड्यात अप्पा तिथे ढोलकीवर बसले. त्यांना ने-आण करता करता मीही अडकलो. वाद्यवृंदाचे विभुते सर अतिशय सज्जन. माझा आवाज ऐकून त्यांनी मला पेटी दिली आणि पेटी ऐकून झांजा दिल्या. त्याखालचं वाद्य त्यांच्या कपाटात नव्हतं.

सगळं छान चाललं असताना बातमी आली की आमची सरावाची खोली प्रवेश परीक्षेच्या क्लासला हवी आहे. आमच्या लातुरात क्लाससाठी जागा मागितली तर लोक देवघरसुद्धा रिकामं करून देतील, तिथे आमची काय कथा! संस्थेचे अध्यक्ष वार्षिक कार्यक्रमाला येणार, आमचं वादन ऐकणार आणि मग खोलीचं ठरवणार होते. त्या संध्याकाळी अप्पांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. घरी आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. मला बाकी कशाची नाही, त्या खुर्चीची भीती वाटली.

म्हणून मी डोकं चालवलं. (इथेच सगळं बिघडलं.) माझा जन्म एका स्थानिक दैनिकात प्रुफं तपासण्यात गेला. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ हे शब्द मी झोपेतही दुरुस्त करू शकतो. कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात लांबतं ते स्वागत, हा माझा अनुभव. स्वागतातच वेळ गेला तर अध्यक्ष आमचं वादन ऐकणार कधी? मी सरांना सुचवलं की स्वागताचं भाषण काढून टाका. अध्यक्ष आत आले की आपण एक चाल वाजवायला लागू आणि ते बसले की थांबू. माणसाला बसायला असा किती वेळ लागतो?

सरांना पटलं. चाल कुठली घ्यायची, तर अप्पा म्हणाले, आमच्या देवळातल्या आरतीची घ्या, सगळ्यांचा हात बसलेला असतो. तेही पटलं. नियम ठरला: अध्यक्ष बसेपर्यंत वाजवायचं.

अध्यक्ष आले. कपाळाला भस्म, अंगावर कडक इस्त्री. आम्ही सुरू केलं. ते खुर्चीपर्यंत पोचले, बसायला वाकलेही, आणि आरतीची चाल त्यांच्या कानात शिरली. ते सरळ झाले. चपला काढल्या, हात जोडले आणि उभे राहिले. आमच्याकडे आरती चालू असताना कोण बसतं? त्यांच्यामागे प्राचार्य उठले, प्राचार्यांमागे अख्खं सभागृह.

आता ते बसेपर्यंत आम्ही थांबायचं नव्हतं आणि आम्ही थांबेपर्यंत ते बसणार नव्हते!

बरं, आरतीला शब्द असतात म्हणून ती कधीतरी संपते. आम्ही नुसती चाल घेतली होती. तिला शेवटच नव्हता.

मी मानेने अध्यक्षांना ‘बसा, बसा’ अशी खूण केली. मी तल्लीन झालोय असं समजून त्यांनीही डोळे मिटले. मी सरांकडे सरकलो. अध्यक्ष उभे असताना वाद्यं खाली ठेवली तर अपमान होईल, असं कुजबुजून सरांनी नजर छताला लावली. उरले अप्पा.

“अप्पा, थांबा की आता.”

“आरती अर्धी सोडीत असतेत का? लोक उभे हायेत, दिसंना का तुला?”

“आपण वाजवतोय म्हणून उभे आहेत ते.”

“मग वाजीव की. बोलून काय राहिलास?”

आणि त्यांनी लय वाढवली. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. दीपप्रज्वलनासाठी आणलेली निरांजनं एका प्राध्यापिकाबाईंनी ताटात घेतली आणि देव सापडेना म्हणून संस्थापकांच्या तसबिरीला ओवाळली. ऋतुजा व्हायोलिन वाजवता वाजवता माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर मला बाप म्हणेल की नाही, शंकाच होती. बासरीच्या बाईंनी मात्र पहिल्यांदाच जागच्या जागी दम घेतला. म्हणजे बासरी खाली ठेवून खुर्चीत टेकल्या.

शेवटी कुणाच्या तरी अंगात भक्ती संचारली आणि त्याने सत्कारासाठी ठेवलेला नारळ फोडला. नारळ फुटला म्हणजे अप्पांच्या हिशेबाने आरती पुरी झाली. त्यांनी ढोलकीवर शेवटची थाप मारून “हर हर महादेव” असा आवाज दिला, सभागृहाने तो उचलला, आणि अध्यक्ष एकदाचे बसले.

बसले आणि घड्याळ बघून लगेच उठले. त्यांना पुढच्या गावी दुसरा कार्यक्रम होता. ज्या नारळाने त्यांचा सत्कार व्हायचा त्याचाच एक तुकडा प्रसाद म्हणून त्यांच्या हातात होता. आम्ही बसवलेल्या रचनांपैकी एकही वाजली नव्हती. सरांचा चेहरा उतरला. आता ती खोली गेली आणि अप्पा पुन्हा दाराजवळ, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अध्यक्ष दाराकडे न जाता अप्पांकडे आले आणि वाकून पाया पडले.

“कुठलं गाव, अप्पा?”

“चाकूर.”

“लई दिवसांनी असा उभा राहिलो बघा. न्हाईतर जाईल तिथं बसवूनच ठेवतेत.” मग प्राचार्यांकडे वळून ते म्हणाले, “ती सरावाची खोली ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या. भजनाच्या जागेत क्लास लावून कुणाचा नंबर लागत असतो का?”

ती भजनाची जागा नाही, हे सांगण्यासाठी सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

त्या दिवशी घरी येईपर्यंत अप्पा माझ्या झांजांना नावं ठेवत होते. मी एक शब्द उलट बोललो नाही. अजूनही बोलत नाही. त्यांना नावं ठेवायला माणसं मिळाली आणि त्यातला एक मी आहे, यापेक्षा जास्त मी त्या महाविद्यालयाकडे काय मागू?

खोलीची किंमत मात्र आम्ही मोजतो आहोत. संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असो, अध्यक्षांचा निरोप येतो की आरतीवाल्यांना बोलवा. परवा थंड पाण्याच्या यंत्राचं उद्घाटन होतं. भर उन्हाळ्यात तहानलेली पोरं हात जोडून नळाकडे बघत उभी होती. मी थांबू शकलो असतो. सरांनीही डोळ्यांनी विनवलं. पण मान्यवर उभे होते, अप्पांची मान डोलत होती आणि माझा हात आत्ता कुठे लयीत येत होता!