फर्स्ट बेसवर थांबलेली मुलगी

आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका मैदानाच्या कडेला आम्ही सहा-सात बाप दर शनिवारी चारनंतर घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो आणि बेसबॉलवर मतं द्यायचो. आमच्यापैकी एकानेही आयुष्यात बेसबॉल खेळलेला नव्हता. त्याची अडचण कुणालाच वाटली नाही. बॅट आहे, बॉल आहे, म्हणजे हा खेळ क्रिकेटचाच कुणी परदेशात वाढलेला चुलतभाऊ, तेव्हा आपल्याला तो जन्मतःच कळतो, अशी आमची ठाम समजूत होती. मुलांना तिथे घातलं होतं त्याचं कारण इतकंच, की क्रिकेटच्या कोचिंगला जागा नव्हती.

कोच फिलिपिनो होते. आठवडाभर कुठल्याशा कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करायचे आणि शनिवारी आमची पंधरा-सोळा मुलं सांभाळायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्यासमोर येऊन हात जोडले होते, "सर, प्लीज, नो शाउटिंग फ्रॉम द चेअर्स." आम्ही माना डोलावल्या. ही सूचना दुसऱ्या बापांसाठी आहे हे प्रत्येकाला लगेच कळलं.

आमच्यातले सर्वांत मोठे जाणकार म्हणजे मुंबईचे एक इन्शुरन्सवाले गृहस्थ. ते रोज ऑफिसला जाता-येता अमेरिकन सामन्यांचे व्हिडिओ बघायचे (गाडी बायको चालवायची) आणि शनिवारी ते सगळं आमच्यावर ओतायचे. 'प्रॉस्पेक्ट' हा शब्द त्यांनी आणला. प्रॉस्पेक्ट म्हणजे आज फारसं काही येत नाही, पण पुढे येईल असं बापाला वाटतं तो मुलगा. त्यांचा मुलगा अर्थातच प्रॉस्पेक्ट होता. तेराव्या वर्षी त्याच्या पायात दहा नंबरचे बूट होते, आणि पाय मोठे म्हणजे उंची वाढणार, उंची वाढली की ताकद येणार, असा त्यांचा हिशोब होता. माझा मुलगा डावखुरा. बेसबॉलमध्ये डावखुऱ्यांना भाव असतो असं मी कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून मीही एका प्रॉस्पेक्टचा बाप झालो. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ओके, डॅड." तो मराठीला इंग्रजीतच उत्तर देतो. मी इथल्या मंडळात मातृभाषेवर दर वर्षी भाषण करतो, तेव्हा तो मागच्या रांगेत मोबाइलवर असतो.

या सगळ्यात एक मुलगी होती. आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहणाऱ्या रत्नागिरीकर कुटुंबातली. तिचे वडील रुवैसला रिफायनरीत टेक्निशियन. आठवडाभर तिकडेच, आणि शनिवारीही बहुतेक ड्युटी. त्यामुळे तिला मैदानावर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. वडिलांनीच येऊन विनंती केली होती आणि मी मोठ्या मनाने होकार दिला होता. गाडीत मागची सीट रिकामीच असायची, पण मोठं मन ते मोठं मन. ती माझ्याशी स्वच्छ मराठी बोलायची, 'अंकल, निघायचं का' असं विचारायची, गाडीतून उतरताना दार हळू लावायची. माझ्या मुलाने या तिन्हीपैकी एकही गोष्ट कधी केलेली नाही.

ती वाऱ्यासारखी पळायची. शिवाय कोच तिला कुठेही उभं करायचे, आज सेकंड बेसला, उद्या पार मागे आउटफिल्डला, कुणी आलं नाही तर कॅचरच्या जागी. कुठेही उभी केली तरी तिचं काही अडायचं नाही. कोच तिला कौतुकाने 'माय युटिलिटी' म्हणायचे. आम्ही त्या शब्दाचा आमच्या परीने अर्थ लावला.

"युटिलिटी म्हणजे स्टेपनी हो," इन्शुरन्सवाले म्हणाले. "गाडीत असावी. पण गाडी तिच्यावर चालत नाही."

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण तोपर्यंत दुबईतल्या एका स्पर्धेसाठी संघ निवडायचं ठरलं होतं. जागा बारा. कोचनी अकरा नावं सांगून टाकली होती, त्यात मोठ्या पायांचं नावही होतं. उरलेली एक जागा त्या मुलीला द्यायची की माझ्या मुलाला, हे पुढच्या शनिवारच्या सराव सामन्यात ठरणार होतं. ती कोचना एवढंच म्हणाली होती, की दुबईला सामना असेल त्या दिवशी अब्बा सुट्टी काढून येणार आहेत. त्यांनी तिला आजवर एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारी सामना शेवटच्या टप्प्यात आला तेव्हा ती फर्स्ट बेसवर उभी होती आणि बॅटिंगला माझा मुलगा आला. इथे एक नियम सांगायला हवा, जो मला सहा महिन्यांच्या तज्ज्ञगिरीनंतरही नीट माहीत नव्हता. क्रिकेटमध्ये बॉल सरळ फील्डरच्या हातात गेला, तर आपण 'नको' म्हणतो आणि दोघेही जागच्या जागी उभे राहतात. बेसबॉलमध्ये जमिनीवरून बॉल मारला की मारणाऱ्याने पळायचंच असतं. आणि तो फर्स्ट बेसला येणार म्हणून तिथे उभ्या असलेल्याने सेकंडकडे सुटायचंच असतं. तिथे 'नको' ही सोय नाही.

माझ्या मुलाने बॉल मारला. तो सरपटत सरळ एका फील्डरकडे निघाला. चाळीस वर्षांचं क्रिकेट माझ्या घशात आलं आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो, "नको, नको! थांब!"

मी हे माझ्या मुलाला म्हणालो होतो. तो मराठीत सांगितलेलं काही ऐकत नाही, तसंच हेही त्याने ऐकलं नाही. मान खाली घालून तो फर्स्टकडे पळाला. ऐकलं ते तिने. तीन पावलं पुढे गेलेली ती थबकली आणि तिने वळून आमच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तेवढ्यात फील्डरने बॉल सेकंडला फेकला होता, आणि तो तिच्याआधी तिथे पोचला. ती बाद. माझा मुलगा सुखरूप.

आजूबाजूला टाळ्या वाजल्या.

"बघितलंत? प्रेशरमध्ये डोकं शांत," इन्शुरन्सवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ते स्वतःही त्या वेळी 'रन, रन' असं काहीतरी ओरडत होते, तेव्हा कोण काय ओरडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. "आणि ती बघा. स्पीड आहे, नाही असं नाही. पण गेम सेन्स? ऐन वेळी दगड झाली. म्हणून मी म्हणतो, शेवटी प्रॉस्पेक्ट तो प्रॉस्पेक्ट."

मग दहा मिनिटं त्या मुलीच्या स्वभावाची चिकित्सा झाली. एरवी इराणच्या राजकारणापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत कशावरही मत असणारा मी, त्या दहा मिनिटांत करक चहा पीत राहिलो. कप कधीच रिकामा झाला होता. मैदानात कोच तिला विचारत होते, का थांबलीस. ती म्हणाली, "सॉरी, कोच."

गाडीत ती मागे बसली होती. मी आरशात बघून म्हणालो, "अगं, होतं असं कधी कधी."

"हो, अंकल," ती म्हणाली, आणि उतरताना दार हळू लावलं.

लिफ्टमध्ये माझा मुलगा म्हणाला, "डॅड, यू शाउटेड 'थांब'."

"तुला ऐकू आलं?"

"एव्हरीवन हर्ड."

"मग तू का नाही थांबलास?"

"इट्स बेसबॉल, डॅड," तो म्हणाला. हे पोरगं माझ्या कौतुकाला पात्र आहे असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं, आणि त्याचा रागही आला.

मंगळवारी व्हॉट्सॲपवर यादी आली. बारावं नाव माझ्या मुलाचं होतं. बायकोने शिरा केला. कोचना फोन करून सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. फोन हातातही घेतला होता. पण निवडीत पालकांनी ढवळाढवळ करू नये या तत्त्वाची मला नेमकी तेव्हा आठवण झाली. मुलगा डावखुरा आहे हे सांगायला मी त्याच कोचना आधी चार वेळा फोन केला होता, तेव्हा हे तत्त्व कुठे होतं कोण जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. रुवैसहून तिचे वडील आले होते, हातात मिठाईचा बॉक्स. मागे ती.

"मुबारक हो, साहेब," ते म्हणाले. "छोट्याचं सिलेक्शन झालं, खूप बरं वाटलं."

मी त्यांना बसवलं. चहा आला. त्यांनी माझ्या मुलाच्या हातात स्वतः पेढा ठेवला. मग जरा पुढे सरकून म्हणाले, "साहेब, मला या गेममधलं काही कळत नाही. तुम्ही तिथे असता. हिला विचारलं तर म्हणते, कन्फ्यूज झाले. हिचं नक्की काय चुकलं, तेवढं सांगा. पुढच्या वर्षी तयारी करून घेऊ, इन्शाल्ला."

ती सोफ्याच्या कडेला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती फक्त मी काय सांगतो याची वाट बघत होती.

"असं आहे, भाई," मी घसा साफ केला. "बाहेरून लोक आरडाओरडा करतात. त्याकडे लक्ष द्यायचं नसतं. जरा कॉन्सन्ट्रेशन वाढवायला हवं."

"कोण ओरडलं होतं गं?" त्यांनी तिला विचारलं.

"खूप जण ओरडत होते, अब्बा," ती म्हणाली. "नीट कळलं नाही."

माझा मुलगा पेढा तसाच हातात धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. मला आधी हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. तेरा वर्षांच्या मुलीने मला वाचवलं होतं आणि मी ते घेतलं.

निघताना तिच्या वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मी तिकडे पडलेलो, साहेब. पण मला घोर नसतो. हिला मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय, ग्राउंडवर अंकल असतात, ते जे सांगतील ते ऐकायचं."

ती दारात वाकून चपला घालत होती. मी 'हो, हो' म्हणालो.