गोलसमोरची परातभर जमीन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत असाल तर आत्ताच हसाल — परसरामनं न सांगितलेली गोष्ट? आमच्या पवनी तालुक्यात असा माणूस सापडायचा नाही ज्याला मी कधी ना कधी पकडून काही सांगितलेलं नाही. माझ्या गोष्टीतला वाघ दरवर्षी हातभर वाढतो. तलावातला मासा गेल्या साली म्हशीएवढा होता; यंदा म्हैसच त्याच्या पोटातून निघाली, तीही दूध देणारी. बायको पाहुण्यांना दारातच बजावून ठेवते, "ह्यायचं बोलणं चार आणे खरं पकडजा, बाकी चहासंगं गिळून टाकजा."

आज सोळा आणे धरा. जमेल का तुम्हाला? मलाच जमेल की नाही, ठाऊक नाही.

कावळ्याची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. समुद्रकाठच्या एका शहरात, एका फुटबॉल क्लबचं मैदान मी सहा वर्षं सांभाळत होतो. तिथं हॉलंडचा एक गोलकीपर होता, उंची सहा फूट पाच इंच. चेंडू रांगत रांगत येतो आहे, लेकरानंही उचलावा असा — आणि तेवढ्यात एक कावळा येऊन गोऱ्याच्या डोक्यावर बसतो. गोरा दोन्ही हातांनी कावळा पकडतो, चेंडू त्याच्या पायातून जाळ्यात! मी हे उभं राहून, हात फडफडवून सांगतो. चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसतात. आमच्या गावात आता कोणाच्या हातून नुसती वाटी पडली तरी म्हणतात, "काय गा, कावळा बसला काय डोक्श्यावर?"

कावळा नव्हता.

गोलकीपर मात्र होता. यान त्याचं नाव. मी त्याला यानभाऊ म्हणायचो आणि तो मला परसरामभाऊ म्हणायचा, एवढं लांब नाव न अडखळता. सतरा वर्षांचा असताना तो त्याच्या देशातल्या एका क्लबात लागला आणि तिथं चार वर्षं नुसता बाकावर बसला. राखीव गोलकीपर म्हणजे वरातीतला दुसरा घोडा — सजवायचं, चालवायचं, पण वर कोणी बसायचं नाही. मग बेल्जियम, मग ग्रीस, मग सायप्रस, मग थायलंड. एकेका देशात दोन-तीन क्लब, सगळीकडे एकेक वर्षाचा करार. एक मोठी बॅग, हातमोज्यांचे पाच जोड, आणि फोनवर आई. चौतिसाव्या वर्षी तो आमच्या क्लबात आला आणि पहिल्यांदाच सलग सगळे सामने खेळला. काय खेळायचा! हे अतिशयोक्तीशिवाय सांगायचं मला सुचत नाही, म्हणून सोडून देतो.

आमची गट्टी जमिनीवरून जमली. बाकीचे खेळाडू मैदानाकडे पाहायचेही नाहीत. हा सगळ्यांच्या आधी यायचा, गोलसमोर वाकायचा आणि जमिनीला तळहात लावायचा. माझा बाप रोवणीच्या आधी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, असाच हात घालून पाहायचा. मग यानभाऊ माझ्याकडे वळून विचारायचा, "कशी आहे?" मी सांगायचो — आज ओली आहे, आज कडक आहे, डावीकडे चेंडू जरा थांबेल. आणि तो माझ्या शब्दावर त्या दिवशी कुठं उभं राहायचं ते ठरवायचा. माझ्या शब्दावर! उभ्या जन्मात माझं बोलणं कोणी असं सोळा आणे धरलं नव्हतं. माझ्या वाघाच्या गोष्टीही तो शेवटपर्यंत ऐकायचा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलेल्या. मध्येच विचारायचा, "मग म्हशीचं काय झालं?"

बघा, मी अजून फिरतोच आहे. मुद्द्यावर येतो.

गोलकीपर जिथं उभा राहतो तिथलं गवत सगळ्यात आधी मरतं. ती जागा कापून काढायची, माती थराथरानं भरायची, प्रत्येक थर ठोकायचा, मग नवीन गवताचा तुकडा बसवायचा, पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा. परातीएवढी जागा असली तरी दोन तास लागतात. सामन्याच्या आदल्या दुपारी मी ती जागा कापली. आणि मग — काय सांगू तुम्हाला — सावलीत सहा जण बसले होते, चहा आला होता, आणि माझी वाघाची गोष्ट ऐन रंगात होती. वाघ झाडाखाली, मी झाडावर. वाघाला तसाच ठेवून उठणार कसा? ऊन उतरलं तेव्हा मी धावत गेलो, खड्ड्यात एकदाच सगळी माती लोटली, वरून गवत दाबलं, पाणी मारलं. झालं. वरून सपाट दिसत होतं.

बांध घालणाऱ्या घरातला माणूस मी. न ठोकलेली माती पाणी पिऊन बसते, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का?

सकाळी यानभाऊनं हात लावला. "कशी आहे?"

"दगड," मी म्हणालो.

सामना शून्य-शून्य होता, दहा मिनिटं राहिली होती. लांबून एक साधा, मरतुकडा चेंडू आला. यानभाऊ गुडघ्यावर बसला, हात जमिनीला लावले, जसं करायला पाहिजे अगदी तसं. तोवर ती माती एका बाजूनं खचली होती आणि गवताच्या तुकड्याची कड दोन बोटं वर आली होती. चेंडू त्या कडेवर आपटला, उडाला आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला. सगळं मैदान ओरडलं. तो मात्र चेंडूकडे पाहत नव्हता. तो गुडघ्यावरच होता आणि जमिनीकडे पाहत होता. तो काय शोधतो आहे ते त्या हजारो लोकांत एकालाच ठाऊक होतं — आणि तो एक जण म्हणजे मी, जाहिरातीच्या फळीमागे उभा.

सामना संपला तसा मी कुदळी घेऊन आत धावलो. उखडलेलं गवत दाबणं हे आमचं रोजचंच काम. कोण संशय घेणार? सगळ्यात आधी मी त्या कडेवर टाच ठेवली. दाबली. बाजूची माती ओढून पुन्हा दाबली. दुसऱ्या सकाळी कोच त्याला घेऊन तिथं आला आणि मला विचारलं, काल इथं काही होतं का? मी म्हणालो, "साहेब, हे मैदान नाही, कॅरम बोर्ड आहे." कोच हसला. टीव्हीवर चेंडू उडालेला दिसत होता, पण कशावरून उडाला ते दिसत नव्हतं. यानभाऊनं जमिनीला हात लावला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. परसरामभाऊ म्हणतो म्हणजे तसंच असणार. त्याच आठवड्यात क्लबनं, त्या हरलेल्या सामन्यावर बोट ठेवून, त्याला कळवलं की पुढच्या वर्षाचा करार होणार नाही.

मग तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं. हो ना. तेव्हाच सांगायचं होतं.

पण घडलं उलटंच. तो म्हणाला, जायच्या आधी मला तुझं गाव बघायचं आहे. तो मासा, तो वाघ, तो भात, ज्याचा वास दुसऱ्या तालुक्यात जातो! काय म्हणणार होतो मी? आणलं. मार्च सरत आला होता, पहाटे बाया मोहफुलं वेचायला जायच्या, हा त्यांच्या मागं टोपली घेऊन. गाव लोटलं माझ्या अंगणात. आई दारात उभी राहून त्याला खालून वर पाहत होती, तो वाकून आत आला तेव्हा म्हणाली, "मायबाप! आजवर ह्या पोट्ट्याच्या गोष्टीतून जिता माणूस नव्हता निघाला गा कधी!" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी एक गोष्ट खरी निघाली होती, दोन पायांवर चालत आली होती. "जय भीम" म्हणायला तो पहिल्याच दिवशी शिकला आणि वाटेतल्या बैलालाही म्हणू लागला.

रविवारी त्याला विहारात नेलं. चटईवर बसला तर गुडघे कानाला लागत होते. पंचशील झालं तसं त्यानं हळूच विचारलं, हे तुम्ही काय म्हणता? मी एकेक सांगत गेलो. पहिलं — जीव घ्यायचा नाही. दुसरं — न दिलेलं घ्यायचं नाही. तिसरं — परस्त्रीकडे वाकड्या नजरेनं पाहायचं नाही. आणि चौथं? चौथं आहे, खोटं बोलायचं नाही. लहानपणापासून दर रविवारी म्हणत आलो आहे. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, "चौथं — पाहुण्याला उपाशी धाडायचं नाही." तो म्हणाला, फार चांगला नियम आहे. मग पाचवं सांगितलं, दारूचं, त्यावर तो हसला.

बुद्धाच्या समोर बसून मी हे केलं. त्याच्यानंतर जेवलोही.

संध्याकाळी कापणी झालेल्या बांधीत दोन बांबू रोवले आणि गावचे सगळे गडी त्याच्यावर पेनल्टी मारायला उभे राहिले. दोनशे मारल्या — नाही, सोळा आणे म्हणालोय ना, चाळीसेक असतील. भेगाळलेली जमीन, धानाची खुंटं, चेंडू सशासारखा उडत होता. गोल किती झाले? दोन. आणि ते दोन त्यानं मुद्दाम सोडले, हेही सगळ्यांना दिसलं. आमचा सरपंच ओरडला, "अबे, हा माणूस हाये का जाळं?" तेव्हा मला कळलं — नाही, कळलं तर आधीच होतं, तेव्हा डोळ्यांनी दिसलं — की ह्याच्या हातांना काही झालेलं नाही.

तो घाम पुसत माझ्याजवळ बांधावर येऊन बसला. म्हणाला, इथली चेंडूची उडी मला समजते, खुंट दिसतं. त्या दिवशीची समजत नाही. डोळे मिटले की तो चेंडू येतो आणि मी कुठं चुकलो ते दिसत नाही. मग त्यानं सांगितलं की व्हिएतनामच्या एका क्लबानं बोलावलं आहे, एका वर्षासाठी. हो की नाही, उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. जे आपल्याला दिसलंच नाही ते पुन्हा होईल, असं मनात घेऊन गोलमध्ये उभं राहता येत नाही, असं तो म्हणाला. मी म्हणालो, "चला यानभाऊ, जेवण थंड होऊन राहिलं."

दुसऱ्या दिवशी पवनीच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली होती. त्याची बॅग माझ्या हातात होती. त्यानं मला खांद्याला धरून आपल्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "परसरामभाऊ, खरं सांग. त्या जमिनीत काही होतं? काही असेल तर मी व्हिएतनामला जातो. नसेल तर चूक माझी, आणि मी घरी जातो. कोणतंही चालेल. फक्त खरं सांग."

कंडक्टर दरवाजा वाजवत होता. तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो. मग बाजूला पाहिलं तर सोडायला आलेलं अर्धं गाव उभं होतं; आई उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

त्यानं मान हलवली. फोन काढला, तिथंच उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या, मला दाखवल्या — आभारी आहे, पण मी आता खेळणं थांबवतो आहे — आणि पाठवून दिल्या. मग एकदम हलका झाल्यासारखा हसला. म्हणाला, बाकी सगळे माझी समजूत काढत होते, तू एकटा सरळ बोललास. आणि मला मिठी मारली. माझं डोकं त्याच्या छातीपर्यंत येतं.

एसटी सुटली. लोक मला विचारू लागले, एवढा भारी गोलकीपर, मग काढला काहून? टपरीवर पोचेपर्यंत मी कावळा तयार केला होता.

तीन वर्षं झाली. तो त्याच्या गावी एका गोदामात काम करतो, असं त्यानं मागे कळवलं होतं. चौतिसाव्या वर्षी गोलकीपर म्हातारा नसतो. चाळिशीपर्यंत खेळणारे मी पाहिले आहेत. तो चेंडू त्याच्या हातून सुटला नव्हता. जमीन मी पोकळ ठेवली, ती कड मी दाबली, आणि त्यानं विचारलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.