मानंला इचारा

लोकर घ्यायला आलेला माणूस ती बोटांनी दाबून बघतो. हवालदार मात्र लोकरीचा गुंडा उचलून कानाखाली मानेवर घासायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, यांना काही होतंय की काय.

"हात काय बी सांगतो, वैनी," ते म्हणायचे. "लोकर मानंला इचारावी."

कोल्हापुरात एका तालमीसमोर आमचं लोकरीचं आणि बटणांचं दुकान होतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. नवरा साखर कारखान्यात, दुकान मी बघायची. हवालदार मागच्या मुसलमानांच्या बोळात राहायचे. पलटणीतून पेन्शनवर आलेले, एक पाय किंचित ओढणारे, आणि मिशा अशा की पोरं वाट सोडत. लोकर न्यायला वरचेवर यायचे. "घरात लागती," एवढंच सांगायचे. बायको विणत असेल असं धरून मी एकदा म्हटलं, "भाभींना पाठवा की दुकानात. आमच्या बायकांना शिकवतील."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "तिला सुई धरायची म्हाईत न्हाय. मी इणतो. मिलिटरीच्या दवाखान्यात पाय बांधून ठेवलता, तवा नर्सबाईनं शिकवलं. तेवढं समोर कळू दिऊ नका."

समोर म्हणजे तालमीत. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते त्या लाल मातीत लोळलेले. संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर बसणं हेच त्यांचं आयुष्य होतं. विणतात हे कळलं तर कट्टा सुटणार, म्हणून हा मिशाळ गडी घरात कडी लावून विणायचा. मला हसू आलं, पण गिऱ्हाइकाचं गुपित बाहेर सांगायचं नसतं.

मग एका दिवाळीनंतर तालमीचा मोठा पैलवान उत्तरेत कुस्तीला निघाला. तिकडच्या थंडीसाठी स्वेटर हवा म्हणून पोरं घेऊन दुकानात आला. माझ्याकडचा सगळ्यात मोठा स्वेटर त्याने डोक्यात घातला आणि तो तिथेच अडकला. पैलवानाचे कान तुम्ही पाहिले असतील, मोडून सुजून सुपारीसारखे टणक झालेले. त्यात याची मान डोक्याहून रुंद. आतून दबलेल्या शिव्या येऊ लागल्या. पोरं बाहेरून ओढू लागली.

हवालदार काउंटरपाशीच होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"वडू नका रं! कान हातात यील!" ते ओरडले. माझी कात्री उचलून त्यांनी स्वेटर खांद्यावर उभा कापला. लालबुंद तोंड बाहेर आलं. "डोक्यातनं घालायचा स्वेटर तुला चालायचा न्हाय. खांद्यावर उघडा पायजे, बटणांचा. मी इणून देतो."

"तुम्ही?" पैलवान म्हणाला.

"व्हय, मी."

एक पोरगा खिदळला. "हवालदार, बांगड्या बी आणू का?"

"आण की. पर मापाच्या आण." त्यांनी मनगट पुढे केलं. ते त्या पोराच्या पिंढरीएवढं होतं.

हशा झाला. पण त्या संध्याकाळी कट्ट्यावर त्यांच्यासाठी कुणी सरकलं नाही. मी दुकानातून बघत होते. जरा वेळ उभे राहून ते घरी गेले. स्वेटर फसला असता तर ते पुन्हा तिथे दिसले नसते.

त्यांनी गळ्याला मऊ पांढरी लोकर घेतली, बाकी अंगाला घोंगड्याची काळी. ही काळी त्यांची लाडकी. धनगरांकडून स्वतः आणायचे, स्वतः धुवायचे.

"मेंढराचा वास येतो हो," मी म्हटलं.

"पैलवानाला येत न्हाय व्हय?"

कुस्ती बरोबरीत सुटली. पैलवान परतला तो टळटळीत दुपारी, स्वेटर अंगात, घामाने निथळत. तसाच कट्ट्यासमोर उभा राहिला.

"मानंला टोचलं न्हाय बघा," रस्ताभर ऐकू जाईल असं तो बोलला. "तिकडचं पैलवान इचारत हुतं, कुणी इणला. म्हटलं, आमच्या तालमीच्या हवालदारानं." मग पोरांवर डाफरला, "सरका की रं!"

तेव्हापासून हवालदार कट्ट्यावर बसून विणू लागले. चंदगडच्या गाडीवरच्या एस.टी. ड्रायव्हरांसाठी त्यांनी काळ्या लोकरीचे बिनबाह्यांचे स्वेटर काढले. तिथल्या पावसाचा थेंब वरच्या वर घरंगळायचा. नृसिंहवाडीला पहाटे दर्शनाला जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पुढून उघडणारे विणले, हात वर न करता घालता येतील असे. लडीचा गुंडा करायचा असला की समोरच्या पैलवानाला फक्त "हात कर" म्हणायचे. तो दोन्ही हातांवर लडी ताणून बसायचा, नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. बांगड्यांचं पुन्हा कुणी बोललं नाही.

हवालदार गेले त्या हिवाळ्यात एक व्यापारी नवी लोकर घेऊन माझ्याकडे आला. मोठा पैलवान बटण घ्यायला आलेला. त्या स्वेटरचं खांद्यावरचं एक तुटलं होतं. त्याने न विचारता गठ्ठ्यातली एक लडी उचलली, मोडक्या कानाखाली मानेवर घासली आणि डोळे मिटून उभा राहिला.

"एक नंबर माल हाय, बाई," व्यापारी म्हणाला.

"टोचतीया," पैलवान म्हणाला.

मी गठ्ठा परत बांधून दिला.