मोटर घेण्याआधीचे दहा आकडे

मंडळी, आधीच सांगून ठेवतो... चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत जिन्यातला दिवा गेला की मी अंधारात दबा धरून बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घाबरवायचो. म्हणजे त्या चाळीतली निम्मी भुतं मी स्वतःच होतो. धंद्यातल्या माणसाचा मालावर विश्वास बसत नाही, तसंच माझं. आज पन्नाशी उलटली तरी तेच. पण गेल्या वर्षी भर दुपारी, लख्ख उजेडात, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मी जे पाहिलं ते तुम्हीच वाचा आणि काय ते ठरवा.

मी आता दादरला राहतो. त्या जुन्या खोलीत धाकटी बहीण वैशाली आणि आई. आईला अर्धांगवायू झाल्यापासून वैशाली घरूनच काम करते — न बांधलेल्या इमारतींत आतून फिरवून आणणाऱ्या फिल्म बनवते, परळच्या एका स्टुडिओसाठी. फिल्म तयार झाली की कॉम्प्युटर सात-आठ तास एकटाच राबतो, त्याला रेंडर म्हणतात. मध्येच बंद पडला तर पहिल्यापासून. आणि तिचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. तीनदा काम उशिरा गेलं. स्टुडिओच्या साहेबांनी सांगून टाकलं, "आता उशीर झाला तर मॅडम, ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राहू द्या."

ऑफिसात गेली तर आईला दिवसभर कोण बघणार? आणि न जावं तर घर कशावर चालणार?

दोष कशाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. ती सुरू झाली की दिवे मंदावतात, पंखे रेंगाळतात. पूर्वी ती आमचे बाबा सुरू करायचे. बाबा मिलमध्ये वायरमन. आधी गॅलरीत उभे राहून ओरडायचे, "मोटर घेतोय रे..." मग खोल्याखोल्यांतून मिक्सर, इस्त्र्या, टीव्ही बंद व्हायचे आणि उत्तरं यायची, "बंद केलं." बाबा मोठ्याने दहा आकडे मोजायचे आणि मग खटका ओढायचे. ते गेल्यावर कमिटीने मोटर ऑटोमॅटिक केली. आता टाकी रिकामी झाली की ती आपली आपण सुरू होते. कुणी ओरडत नाही.

तर कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा नवा पॉवर सप्लाय घ्यायला आम्ही लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेलो. दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "मधल्या दर्जाचा घ्या ताई, आणि उरलेल्या पैशात यूपीएस, म्हणजे बॅटरी. तुमचा प्रॉब्लेम व्होल्टेजचा आहे."

इथे मी रंगमंचावर प्रवेश केला. "छे छे, घ्यायचा तर टॉपचा. हा बघ, हजार वॉट, प्लॅटिनम, आणि सोबत मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. किती वॉट खेचतोय, आत येणारं व्होल्टेज किती, सगळं ग्राफवर दिसतं."

"ग्राफ बघून काय करणार काका?" दुकानदार.

"दादा, तुला नक्की माहितीये ना?" वैशाली.

"अगं, सोळा व्हिडिओ पाहिलेत मी."

एक तास वाद घालून मी जिंकलो. यूपीएसला पैसे उरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, रेंडर जोरात चालू असताना मोटर सुरू झाली आणि कॉम्प्युटर बंद. फरक एवढाच, की आता बंद कसा पडला त्याचा सुरेख ग्राफ आमच्याकडे होता. वैशालीने फोनवर तेवढंच सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटची संधी त्या शुक्रवारी होती, फिल्म संध्याकाळी सहापर्यंत पोचायला हवी होती. मी रजा टाकून सकाळीच तिच्याकडे जाऊन बसलो. मोटर सहापर्यंत बंद ठेवा म्हणून चाळीच्या सेक्रेटरींकडे गेलो, तर ते गावाला, आणि मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. मग काय, ग्राफकडे बघत बसलो.

दोनच्या सुमारास वैशाली आईला पेज भरवत होती. कीबोर्डजवळ कुणी नव्हतं. अचानक वॉटची रेघ साडेचारशेवरून ऐंशीवर आली. रेंडर थांबला होता — बंद नाही, नुसता थांबलेला.

"वैशू, तू काही केलंस?"

"माझ्या हातात वाटी आहे दादा."

एवढ्यात आई गॅलरीकडे मान वळवून, रोजचं असल्यासारखं म्हणाली, "होय हो, बंद केलंय."

आणि मग खाली मोटर धडधडली. पंखा रेंगाळला, व्होल्टेजची रेघ धाडकन खाली आली, परत वर गेली. कॉम्प्युटर बंद पडला नाही. थोड्या वेळाने रेंडर आपला आपण पुढे सुरू झाला.

वैशालीच्या हातातली वाटी तशीच होती. मी तिच्याकडे बघेना, ती माझ्याकडे बघेना.

सहापर्यंत असं आणखी दोनदा झालं. पावणेसहाला फिल्म गेली. साडेसहाला साहेबांचा मेसेज आला — पुढचं काम सोमवारी पाठवतो.

सोमवारी मी त्या ग्राफची नोंद घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने चष्मा वर करून, खाली करून ती पाहिली. "लोड, म्हणजे खेचलेले वॉट, कमी असला तर सप्लाय असा गचका सहन करतो, ते बरोबर आहे. पण काका, आधी व्होल्टेज पडतं आणि मग लोड. इथे लोड आधी उतरलाय. तिन्ही वेळा दहा सेकंद आधी." मोटर कधी सुरू होणार हे कॉम्प्युटरला कळायचा काही मार्ग? नाही, म्हणाला. रेंडरच्या प्रोग्रॅममध्ये तशी काही सोय? तीही नाही. सॉफ्टवेअरचं घड्याळ चुकलं म्हणावं, तर मी डोळ्यांनी बघत होतो. आईने सवयीने उत्तर दिलं असेल, मान्य. पण आईने माउसला हात लावला नव्हता.

माझ्या चुकीची भरपाई म्हणून मी पुढच्या महिन्यात यूपीएस नेऊन दिला. काम तर अजून चालूच आहे, वेळेवर जातंय. परवा गेलो तेव्हा यूपीएसचा खोका आईच्या खाटेखाली, न उघडलेला.

"लावत का नाहीस गं? मी लावून देऊ?"

वैशाली म्हणाली, "लावला आणि बाबांना वाटलं, आता यांना आपली गरज नाही... तर?"

मी, दुकानात तासभर वाद घालणारा माणूस, वाकलो आणि खोका पायाने आणखी आत सरकवला.