दंडाचा काना

माझी धाकटी जाऊ कुणावर ओरडत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, एकाच शाळेत शिकवतो, आणि आमच्या वर्गांच्या मध्ये नुसतं लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. इकडे शिंकलं की तिकडे कळतं. मी गणित शिकवते. माझ्या वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट. ती भाषा शिकवते, आणि तिच्या वर्गातून बाजार भरल्यासारखा कालवा येतो. सुरुवातीला मी डस्टरनं पार्टिशन ठोकून ठोकून फळ्या ढिल्या केल्या. उपयोग शून्य. उलट फटी पडल्या आणि आवाज आणखी स्वच्छ यायला लागला.

मुलं तिला 'पूर्णविराम' म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं, पण तिला माहीत आहे. त्याचं असं आहे की वर्गात कुणी मध्येच बोलताना सापडलं की आम्ही बाकीचे काय करतो? गप्प बस म्हणतो, उभं करतो, फारच झालं तर बाहेर काढतो. ही म्हणते, "वाक्य पूर्ण कर." सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं. पोरानं वाक्य संपवलं की ही विचारते, "झालं?" पोर म्हणतं, "झालं." मग ही म्हणते, "बस आता." मिटलं. ना छडी, ना शिक्षा, ना पालकांना चिठ्ठी.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. शेजारच्याच्या कानात जे रंगवून सांगायला मजा येते, ते भरल्या वर्गासमोर सांगताना भल्याभल्यांची ततपप होते. अर्धी पोरं दुसऱ्या शब्दालाच आपणहून खाली बसतात. पण काही बसत नाहीत. एकदा मागच्या बाकावरचा एक महाभाग खुसखुसत होता. ही म्हणाली, पूर्ण कर. तो म्हणाला, "बाई, मी याला सांगत होतो की बाईंच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला आहेत." हिनं खाली बघितलं. खरंच होत्या. सगळा वर्ग हसला, ही सगळ्यात जास्त हसली. पलीकडे मला मात्र हसू येईना, कारण त्यातली एक चप्पल माझी होती आणि उरलेली जोडी घालून मी माझ्या वर्गात त्रिकोण शिकवत होते.

आणि कधी कधी वाक्य भलतंच निघतं. एका मुलानं खाली मान घालून वाक्य पूर्ण केलं, की परवापासून बाबा घरी आले नाहीत. त्या तासाला पलीकडून हूं की चूं ऐकू आलं नाही. मीसुद्धा खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

घरीही हेच. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, या पद्धतीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जेवताना तो बेसावधपणे म्हणतो, "आज भाजी जरा…" ही लगेच म्हणते, "पूर्ण करा." तो माझ्याकडे बघतो, ताटाकडे बघतो आणि म्हणतो, "…जरा आणखी वाढ." शहाणा झालाय आता.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कुठून, हे तिनं मला एकदाच सांगितलं, गच्चीवर कपडे वाळत घालताना. लहानपणी वर्गात तिला बाहेर जायचं होतं. तिनं हात वर केला. "बाई, मला…" म्हणाली. बाई म्हणाल्या, गप्प. पुन्हा हात वर केला, पुन्हा गप्प. मग व्हायचं ते झालं, बाकावरच, सगळ्यांसमोर. "ताई, वाक्य तीन शब्दांचं होतं," ती चिमटे लावत म्हणाली, "पूर्ण होऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्या दिवसापासून पार्टिशन ठोकणं मी बंद केलं. सांगायला कशाला लाजू, त्या बाई मला सापडल्या असत्या तर मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली असती.

तर, अशा या शाळेत नवे मुख्याध्यापक आले. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण शांतता म्हणजेच शिस्त अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि समजूत पक्की असलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे डोकेफोड. बुटांचा आवाज न करता ते व्हरांड्यातून फिरत आणि दारात उभे राहून ऐकत. माझ्या दारात त्यांची मान डुलायची. हिच्या दारात कपाळाला आठ्या.

हिच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळी शाळा 'भोंगा' म्हणायची. तिची आई यंत्रमागावर कामाला. मागाच्या खडखडाटानं आईचे कान गेलेले, त्यामुळे त्या घरात जे बोलायचं ते ओरडूनच. पोरीला हळू बोलणं माहीतच नाही. ती कुजबुजली तरी ते माझ्या फळ्यावर आदळायचं. आधीच्या दोन शिक्षकांनी तिला वर्गातून काढून टाकलं होतं, आणि मोठ्या सरांनी बजावलं होतं की आता एक तक्रार आली की दाखला हातात. दाखला म्हणजे शाळेतून नाव कमी. दुसरी शाळा लांब होती आणि आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की इथून निघाली तर हिलाही मागावरच घेऊन जाईन, घरी एकटी ठेवून काय करू.

आणि मोठ्या सरांना बोर्डाची कल्पना सुचली. व्हरांड्याच्या टोकाला, उंच, त्यांच्या ऑफिसच्या दारासमोर एक पांढरा बोर्ड लागला. त्यावर निळ्या ऑइलपेंटनं दोन घोषवाक्यं लिहायची होती, त्यांनी स्वतः रचलेली: 'व्हरांड्यात रांग' आणि 'वर्गात गप्प'. साधा पूर्णविराम त्यांना पोरकट वाटला. जुन्या पोथीत ओळीच्या शेवटी उभी रेघ असते ना, जिला दंड म्हणतात, तो त्यांना हवा होता. दंडानं वजन येतं म्हणे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पेंटर आला, सरांनी दिलेला कागद बघून रंगवून गेला. शिडी, रंगाचा डबा आणि शिडीला अडकवलेला तो कागद व्हरांड्यातच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी माझी जाऊ तापानं घरी झोपून होती. प्रार्थना झाल्यावर सरांनी सांगितलं, नवा बोर्ड सगळ्यांनी वाचायचा आणि पाठ करायचा. मुलं रांगेनं बोर्डाखालून निघाली. आणि भोंग्यानं वाचलं, तिच्या आवाजात: "वर्गात गप्पा!"

सगळा व्हरांडा हसला. मी वर्गातून बाहेर येऊन बघितलं. बोर्डावर खरोखर 'गप्पा' लिहिलेलं होतं. गप्पला काना. सर लालबुंद. शिडी तिथे, डबा तिथे, बोर्डाखालचा वर्ग माझ्या जावेचा, आणि वाचून हसवणारी पोरगी ही. झालं, निकाल लागला. "सर, तो…" पोरगी म्हणाली. "गप्प," सर म्हणाले. "सर, पण…" "एकदम गप्प." तिला दिवसभर ऑफिसबाहेर उभी केली आणि आईला सकाळी घेऊन ये म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन मी जावेला सगळा पाढा वाचून दाखवला. वर म्हटलं, "अगं, नियमाप्रमाणे वर्गशिक्षिकेच्या सहीशिवाय दाखला निघत नाही. ते उद्या तुझी सही मागतील. देऊन मोकळी हो. एका पोरीपायी सरांशी वाकडं घेऊ नकोस." ती कपाळावरची पट्टी काढून उठून बसली. म्हणाली, "तिनं काय सांगितलं?"

"कुणी?"

"मुलीनं. तिचं वाक्य काय होतं?"

मला सांगता येईना. कारण वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. मला राग आला, कशाचा ते मलाही कळलं नाही. तिला म्हटलं, तुझा ताप डोक्यात गेलाय, झोप.

सकाळी अंगात कणकण असताना ही उठली, आवरलं, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्याबरोबर आली. या खेपेला चपला तपासून घातल्या. ऑफिसात मोठे सर खुर्चीत, समोर पोरगी, तिच्याजवळ आई, कामावर जायच्या साडीत. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून मलाही बसवलेलं. टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

सर हिला म्हणाले, "बाई, सही करा. बोर्ड कुणी बिघडवला ते उघड आहे."

"सर, मी नाही, तो…" पोरगी म्हणाली, आणि काचा हादरल्या.

"गप्प."

माझी जाऊ पेनाकडे बघतसुद्धा नव्हती. ती पोरीकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वाक्य पूर्ण कर."

"बाई, हे ऑफिस आहे," सर म्हणाले.

"हो सर. कर गं पूर्ण."

पोरीनं एकदा सरांकडे, एकदा हिच्याकडे बघितलं. "तो काना नाहीये, बाई. शिडीला अडकवलेल्या सरांच्या कागदावर उभी रेघ होती, ती पेंटरकाकांनी अक्षराला चिकटवली आणि वरची रेघ पुढे ओढली. म्हणून गप्पचं गप्पा झालं. वरच्या ओळीत पण तसंच झालंय, रांगचं रांगा झालंय. पण ते वाचून कुणाला हसू आलं नाही म्हणून कुणी बघितलं नाही. मी गप्पला काना द्यायला चढले असते, तर रांगला कशाला दिला असता?"

"झालं?" जाऊ म्हणाली.

"झालं."

"बस आता." आणि पोरगी खरोखर बसली, मोठ्या सरांसमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत.

ऑफिसच्या उघड्या दारातून बोर्ड समोरच दिसत होता. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. व्हरांड्यात रांगा, वर्गात गप्पा. दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या, एकाच हातानं ओढलेल्या, वरची रेघ सलग. सरांनी स्वतः हौसेनं मागून घेतलेला दंड, त्याचा काना झाला होता. मला हसू यायला लागलं. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं निमित्त केलं.

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असू दे, चूक झाली, जा वर्गात. पण नाही. ताठ माणसाला चूक कळली की तो आणखी ताठ होतो. सर उभे राहिले. म्हणाले, "ठीक आहे, चूक पेंटरची. पण हसवलं कुणी? प्रश्न बोर्डाचा नाही, शिस्तीचा आहे. ही मुलगी इथे राहिली तर उद्या…" आणि थांबले. बोट हवेत तसंच राहिलं. मोठी माणसं अशीच थांबतात. पुढचं समोरच्यानं घाबरून समजून घ्यायचं असतं.

माझ्या जावेनं समजून घेतलं नाही. तिला ताप होता, डोळे लाल होते, पण आवाज तस्साच.

"उद्या काय, सर? वाक्य पूर्ण करा."

इतकी वर्षं पार्टिशनमधून ऐकत आले होते, पण हे वाक्य मोठ्या माणसाला, त्याच्या ऑफिसात, त्याच्या खुर्चीसमोर? सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हिनं घाई केली नाही. ती वर्गात थांबते तशी थांबली.

"उद्या प्रत्येक जण तोंड उघडेल," सर शेवटी म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. मला दिसलं ना ते. मागच्या बाकावरच्या पोरांचे चेहरे असेच होतात.

"झालं, सर?"

सरांचं हवेतलं बोट खाली आलं.

"बसा आता," माझी जाऊ म्हणाली. आणि मोठे सर बसले.

मग तिनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि त्यांच्या पेनांच्या भांड्यात उभं ठेवलं. "तक्रार मी देणार नाही. आज नाही, पुढेही नाही. मला दुसरा वर्ग द्यायचा तर द्या, मला घरी बसवायचं तर बसवा. पण बोलते म्हणून या मुलीचा दाखला माझ्या सहीनं निघणार नाही." एवढं बोलून तिनं खुर्चीच्या पाठीला हात धरला, कारण तिला चक्कर येत होती. मी उठून तिच्या बाजूला उभी राहिले. डस्टर बरोबर असता तर टेबलावर आपटला असता, एवढी माझी त्या वेळी तयारी होती.

पोरीच्या आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती बिचारी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. कागदावर सही झालेली नाही आणि पेन भांड्यात गेलंय एवढंच तिला दिसलं. ती मुलीला म्हणाली, आणि तिचं म्हणणं म्हणजे मागाच्या कारखान्यातलं म्हणणं: "काय ठरलं गं? शाळेत राहणार का माझ्याबरोबर यायचं?"

पोरगी हळूच म्हणाली, "राहणार." मी तिचा हळू आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सरांनी अजून हो म्हटलं नव्हतं ना, म्हणून धास्ती. आईला ते पोचलं नाही. आईनं कानाला हात लावला.

पोरीनं मोठ्या सरांकडे बघितलं. सर खाली टेबलाकडे बघत होते. मग तिनं माझ्या जावेकडे बघितलं. जावेनं मान हलवली. पोरीनं छातीत हवा भरून घेतली आणि तिच्या खऱ्या आवाजात सांगितलं, "आई, मी शाळेत राहणार!"

सगळ्या व्हरांड्यातले वर्ग गप्प झाले. बाई नाहीत म्हणून कालवा करत असलेला माझासुद्धा.