वणव्यातून वाचलेला कमोड

दुपारचे दोन वाजलेत. मी उंबराखाली कमोडच्या खोक्याला टेकून डोळे मिटतो. उंबराचं खोड कोळसा झालंय, टेकायला दुसरं काही शिल्लकच नाही. परवा डोंगरावरून वणवा उतरला आणि आमच्या कॅम्पसाइटचे चौदा तंबू, स्वयंपाकाची शेड आणि बबनमामाने जुन्या मिनीबसची बनवलेली कॅम्पर गाडी, सगळं अर्ध्या तासात संपलं. एकोणीस पाहुण्यांना खाली धरणाच्या पाण्यापाशी पोचवून मी परत वर आलो, तेव्हा एकच वस्तू उचलण्याइतका वेळ होता. मी कमोड उचलला. नवा, खोक्यातला. सहा वर्षं फोनवर लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "टॉयलेट वेस्टर्न आहे ना?" समोर आग बघून माझ्या डोक्याने बहुतेक त्याचंच उत्तर दिलं.

कॅम्परच्या आरशाला मामाचा पितळी बिल्ला लटकत होता. मामाने एकतीस वर्षं एसटी चालवली, तेव्हाचा. तो आतच राहिला. मामाला जाऊन दोन वर्षं झालीत. वणव्याचं कळल्यावर मामीने फोनवर तंबू नाही, गाडी नाही, एवढंच विचारलं, "बिल्ला आहे ना रे?"

मी म्हणालो, "आहे की."

ती आज चारच्या गाडीने तो न्यायला येतेय. कापूस घातलेली डबी घेऊन.

पापण्या जड होतात. जळक्या वासात हळूहळू डिझेलचा वास मिसळतो. हॉर्न वाजतो.

कॅम्पर समोर उभी आहे. जळलेली नाही, उलट धुतलेली आहे. स्टिअरिंगवर मामा. खाकी शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा.

"चढ लवकर, सुहाश्या. आणि दार ओढ. धूर येतो आत."

"मामा, तू गेलायस."

"ड्यूटीवर आहे. बस."

आत जातो तर कॅम्पर चव्वेचाळीस सीटची झालीय. प्रत्येक सीटवर आमची एकेक वस्तू बसलीय. तंबू घड्या घालून, कढई खिडकीपाशी, कॅरम बोर्ड दोघांच्या सीटवर एकटाच. स्लीपिंग बॅगा उभ्या आहेत, दांडीला धरून. गाडी चालू होते आणि सगळ्या एकदम पुढे झुकतात.

"यातलं एकच खाली उतरवता येईल," मामा म्हणतो. "सांग."

"बिल्ला."

"तू तर कमोड उतरवलास म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"कढईने."

कढई बाहेर बघते.

"लाज नको वाटून घेऊ," मामा गिअर टाकतो. "घाटात एकदा माझे ब्रेक गेले. पहिला हात कशावर गेला? डब्यावर. भेंडी होती."

"आणि पॅसेंजर?"

"गाडी डोंगराला घासून थांबवली ना. पण एका हाताने. तू पाहुणे मोजून नेलेस का?"

"दोनदा. दुसऱ्यांदा वीस भरले. फार घाबरलो. मग कळलं, मी स्वतःला धरलं होतं."

"धरायचंच असतं," मामा म्हणतो आणि ब्रेक दाबतो.

दार उघडतं. बाहेर कमरेएवढं सोनेरी गवत. मी ते लगेच ओळखतो. दरवर्षी शिमग्याआधी आम्ही साइटच्या चारही बाजूंनी बारा फुटांचा पट्टा कापून जाळून घेतो, म्हणजे वणवा तिथेच थांबतो. मामाची शिस्त. यंदा मी सूर्यास्ताकडची बाजू न कापता तशीच ठेवली. आग तिथूनच आत आली, आणि कॅम्पर तिथेच उभी होती.

"हे कशाला राखलंस?"

"फोटोसाठी."

"कुणाच्या?"

"लग्न ठरलेल्यांच्या. गवतात बसून एकमेकांकडे बघतात."

"घरात बसून बघता येत नाही?"

"घरात गवत नसतं, मामा."

मामा यावर बराच विचार करतो. मग सीटखालून विळा काढून माझ्या हातात देतो. "काप."

मी एक मूठ धरतो. ती मूठ मला विचारते, "वेस्टर्न आहे ना?" मी कापतो. पुढची मूठही तेच विचारते. कापता कापता मी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पोचतो, तिथेही गवत, आणि फळ्याजवळ मामा भेंडी खातोय. आरशासकट बिल्ला त्याच्या खिशाला लटकलाय.

"मामा, तो दे. मामी येतेय चारला. मी तिला आहे म्हणून सांगितलंय."

"खोटं?"

"हो."

"बरं. मग माझंही ऐक. निवृत्तीच्या दिवशी हा डेपोत परत द्यायचा होता. मी हरवला म्हणून लिहून दिलं आणि खिशात घालून घरी आलो. तुझ्या मामीला वाटतं, साहेबांनी सत्कारात दिला." तो बिल्ला शर्टाला पुसतो. "आता परत करतो. तिला दोन्ही सांग. आधी तुझं."

"चिडेल."

"माझ्यावर नाही चिडणार. मी नाहीये तिथे."

हॉर्न वाजतो. मामा उठून निघतो. मी त्याचा शर्ट पकडायला हात टाकतो.

हॉर्न खरा आहे. चारची एसटी फाट्यावरून वळतेय आणि काळ्या राखेतून मामी चालत येतेय, चप्पल आपटत. डबी हातातच आहे.

"दे."

"मामी, बिल्ला जळला. मी फोनवर खोटं बोललो."

ती कॅम्परच्या सांगाड्याकडे बघते.

"मग वाचवलंस काय?"

मी खोक्याकडे बोट दाखवतो. मामी त्यावरचं चित्र नीट बघते. मग पदर सावरून त्याच्यावरच बसते.

"गाडीत उभ्याने आले," ती म्हणते. मग, "मुठीत काय आहे?"

मी मूठ उघडतो. गवताची एक काडी. सोनेरी, तुऱ्यासकट, विळ्याने सरळ कापलेली. नजर जाईल तिथवर सगळा डोंगर काळा आहे.

"कुठनं आणलीस?"

"मामाने कापायला सांगितलं होतं."

"उशिरा कापलंस," मामी म्हणते. ती काडी घेते, तुरा मोडणार नाही अशी दुमडते, कापसावर ठेवते आणि डबीचं झाकण दाबून लावते.

"अजून एक सांगायचंय," मी म्हणतो. "सत्काराचं."

"ते मला माहितीये," मामी म्हणते. "त्या दिवशीचा शर्ट मीच धुतला होता. खिशात हरवल्याच्या अर्जाची नक्कल होती."